घरे वाहिली, त्याबरोबर भाषेचे अंगणही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर 12 ऑक्टोबर 2025 च्या सुमारास हालाँग वादळाच्या शेपटाने जो धिंगाणा घातला, त्यावरच्या आपल्या लेखाचे कात्रण मी जपून ठेवले आहे. किपनक आणि क्विगिलिंगोक या गावांत समुद्र शिरला, घरे पायावरून उचलली गेली, काही तर आत माणसे असतानाच तरंगत गेली, हे सारे त्यात आले आहे. ती माणसे कोणती भाषा बोलतात, एवढे मात्र राहून गेले. ‘एस्किमो वस्ती’ या दोन शब्दांत लेखकाने विषय उरकला.

लेखकाला फार दोष देत नाही. आमच्या पिढीनेही भूगोलात एस्किमो, इग्लू आणि कुत्र्यांची गाडी एवढ्यावर मार्क मिळवले. पण हे लोक स्वतःला युपिक म्हणवतात. ‘युक’ म्हणजे माणूस, ‘पिक’ म्हणजे खरा. बर्फाच्या इग्लूत त्यांचा संसार कधी नव्हताच. त्यांची जुनी घरे जमिनीत अर्धी उतरलेली, वरून गवताच्या ढेकळांनी लिंपलेली असत.

मी गडचिरोली जिल्ह्यात 31 वर्षे प्राथमिक शिक्षिका होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पहिलीतली एक पोर वर्गात उभी राहून “येर, येर” म्हणू लागली. मला वाटले, ही मला ‘ये रे’ म्हणून बोलावते आहे, तेही एकेरीत आणि पुल्लिंगात! दटावून खाली बसवले. मधल्या सुट्टीत ती सुसाट हापशीकडे पळाली, तेव्हा कळले की गोंडीत येर म्हणजे पाणी. त्या दिवसापासून, घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी अशा मुलांविषयी हाती लागेल ते वाचत आले. युपिकांची ओळख त्यातूनच झाली.

युपिक भाषा बोलणारे सुमारे 10 हजार. अलास्कातल्या मूळ भाषांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा. त्यावर समाधान मानू नये, कारण भाषा म्हाताऱ्यांच्या डोक्यांवर मोजायची नसते, अंगणातल्या पोरांवर मोजायची असते. लहान मुले अजून युपिकमध्येच पहिले बोबडे बोल बोलतात अशी गावे 68 पैकी 17, अशी तिथल्या विद्यापीठाच्या भाषा केंद्राची जुनी नोंद आहे. ही गावे आहेत कुस्कोक्विम नदीच्या खालच्या अंगाला, नेल्सन बेटावर आणि या दोहोंमधल्या किनारपट्टीवर. नकाशा उघडून पाहा: किपनक आणि क्विगिलिंगोक नेमकी त्याच पट्टीत येतात. म्हणजे पाणी शिरले ते बियाणे राखलेल्या कणगीत. मला लेखात हे हवे होते.

घरे गेलेल्या शेकडो लोकांना आधी गावच्या शाळेतच आसरा मिळाला आणि मग लष्करी विमानांनी सुमारे 800 किलोमीटरवरच्या अँकरेज शहरात नेले. दुसरा इलाजही नव्हता. या गावांना जोडणारा रस्ताच नाही. तरी हे वाचताना मला 1976 आठवल्याशिवाय राहिले नाही. त्याआधी बहुतेक गावांत आठवीनंतर शाळा नसे. पुढे शिकायचे तर पोराने विमानात बसून सिटकाच्या माउंट एजकम्बला, नाहीतर थेट ओरेगन राज्यातल्या चेमावाच्या वसतिशाळेत जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. आपली भाषा बोलले म्हणून शिक्षा झालेली त्या पिढीची माणसे आजही भेटतात. एमोनाक या युपिक गावची मॉली हूच ही मुलगी आणि तिच्यासारख्या इतर मुलांनी सरकारला कोर्टात खेचले. 1976 मध्ये तडजोड झाली आणि 126 गावांत माध्यमिक शाळा देण्याचे राज्याने कबूल केले. गावातच हायस्कूल, संध्याकाळी आजीच्या हातचे जेवण आणि जेवताना आजीचीच भाषा, असा हा हिशेब. पन्नास वर्षांनी वादळाने पोरांना पुन्हा विमानात बसवले. फरक एवढाच, की या वेळी आईबापही बरोबर होते. भाषेच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

अँकरेजच्या सरकारी शाळांत युपिक माध्यमाचे वर्ग आधीपासून चालू होते, हे त्या मुलांचे नशीब. असे वर्ग आपोआप उगवत नाहीत. 1970 च्या सुमारास काही खेड्यांत पहिल्यांदा युपिकमधून शिकवायला सुरुवात झाली. 1995 मध्ये बेथेल या तिथल्या तालुक्याच्या गावासारख्या ठिकाणी पालक आणि शिक्षकांनी पूर्ण युपिक माध्यमाचे वर्ग काढले. त्यातून उभी राहिलेली शाळा म्हणजे अयाप्रुन एलित्नाउरविक. नोव्हेंबर 2015 मध्ये तिची इमारत आगीत गेली. शाळा मात्र दुसऱ्या जागी भरली आणि आजही भरते.

तिथल्या गणिताचे मला फार कौतुक वाटते. युपिक माणूस विसाच्या पटीत मोजतो. वीसला शब्द आहे ‘युइनाक’, म्हणजे जणू अख्खा माणूस: हातापायांची सगळी बोटे मोजून झाली. आमच्याकडे आठवडी बाजारात म्हाताऱ्या अजून “तीन विसा” म्हणतात, तेव्हा मला हटकून युइनाक आठवतो. ज्या मुलाच्या घरी वीस म्हणजे अख्खा माणूस, त्याच्यापुढे पहिल्या दिवसापासून फक्त दहाचे गठ्ठे ठेवले तर ते ढ ठरणार नाही तर काय?

आणखी एक शब्द सांगते. ‘एल्ला’. हवामान म्हणजे एल्ला, घराबाहेरचे सगळे जग म्हणजे एल्ला आणि माणसाला येणारे भानही एल्लाच. मुलाला पहिल्यांदा आपण आहोत हे उमगते, त्याची पहिली आठवण तयार होते, त्यालाही याच शब्दापासून क्रियापद आहे. हवामान बदलले, अशी बातमी या भाषेत दिली तर तिचा अर्थ कुठवर पोहोचेल, याचा विचार करत मी बराच वेळ बसले होते.

सरकारला मात्र या भाषेशी कसे वागावे हे अजून उमगलेले नाही. सप्टेंबर 2022 मध्ये मेरबोक वादळ आले, तेव्हा नुकसानभरपाईचे अर्ज आणि सूचना युपिकमध्ये करून देण्याचे काम अमेरिकी केंद्र सरकारच्या आपत्ती विभागाने कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीला दिले. छापून आले काय? “तुझा नवरा पांढरे अस्वल आहे, हडकुळा.” आणखी एका ठिकाणी, कोणी उद्या पहाटे शिकारीला जाईल आणि काहीच आणणार नाही. छप्पर उडालेल्या माणसाने हा कागद हातात घेऊन काय करायचे? तपासल्यावर कळले की 1940 च्या दशकात पलीकडच्या सायबेरियात, म्हणजे भलत्याच भावंड-भाषेत, टिपून ठेवलेल्या कथांमधले शब्द उचलून तुकडे जोडले होते. कंपनीचे काम काढून घेतले गेले. मला यात हसू आले आणि मग लाज वाटली, कारण मीही येर म्हणणाऱ्या पोरीला खालीच बसवले होते. बिल पास करणाऱ्या साखळीत युपिक वाचता येणारा एकही माणूस नसावा, याखेरीज याचा दुसरा अर्थ लागत नाही. वास्तविक 2014 पासून युपिक ही अलास्काच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे!

बेथेलचे केवायुके हे रेडिओ केंद्र 1971 पासून चालू आहे आणि तिथे बातम्या युपिकमध्येही दिल्या जातात. 2025 च्या उन्हाळ्यात अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा निधी काढून घेतला. वादळ आले ते त्यानंतर तीनच महिन्यांनी.

आपल्याकडे वेगळे चित्र आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्याच धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर तिला मान्यतेसाठी झगडावे लागले. पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

माझी विनंती छोटी आहे. अलास्कावर पुढचा मजकूर छापाल तेव्हा किती घरे बांधली याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. किपनकची कुटुंबे अँकरेजमध्ये एकमेकांच्या शेजारी राहतात की शहरभर विखुरली? युपिक वर्गात शिक्षिका पुरेशा आहेत का? आणि गावची शाळा पुन्हा कधी भरणार? मथळ्यात ‘एस्किमो’च्या जागी ‘युपिक’ छापलेत तर एक जोडाक्षरही वाचेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
धानोरा, जि. गडचिरोली