स्किझोफ्रेनियाच्या सराव वर्गासाठी मदतीचं आवाहन

लातूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या घरच्यांनी मिळून आमचा गट चालवला आहे. शहरात एक खोली भाड्यानं घेऊन सराव वर्ग सुरू करायचा आहे, त्यासाठी तुमची मदत हवी.

या आजारात भास होतात, संशय बळावतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. गोळ्या नेमानं चालू राहिल्या की बहुतेकांचे भास कमी होतात. मग घरात सुरू होतं, "आता बरा आहे ना, मग कामाला का लागत नाही?" लक्ष टिकणं, ऐकलेलं थोडा वेळ ध्यानात ठेवणं, पटकन उमजणं, हे सगळंच आजारात मंदावतं, कित्येकदा भास सुरू व्हायच्या आधीपासून. आणि त्यावर आजच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. "अर्धा किलो तूरडाळ आण, तेलाचा पुडा घे, येताना गिरणीतून दळण आण" असं एका दमात सांगितलं, की डाळ घरी येते आणि दळण गिरणीतच राहतं. पोरगं आळशी ठरतं. कुणी बाहेरचं झालंय म्हणून देवऋषी गाठतं. तीच कामं चिठ्ठीवर लिहून दिली, तर पुष्कळदा तिन्ही होतात.

वर्गात हाच सराव होईल: यादी घेऊन बाजार करणं, मोबाइलवर गजर लावणं, सुट्या पैशांचा हिशेब, एसटीनं एकट्यानं जाऊन येणं. स्मरणशक्तीची कोडीही असतील, पण नुसत्या कोड्यांनी भागत नाही. सरावाला खऱ्या कामाची जोड मिळाली तरच तो अंगी लागतो.

खोलीचं भाडं, फळा, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, गोळ्यांच्या सात खणांच्या डब्या आणि चालू स्थितीतले जुने मोबाइल हवेत (चार्जरसकट द्या, तो हमखास घरी राहतो). रोख रकमेची पावती मिळेल.

पैशापेक्षाही अडलंय ते कामावाचून. गंजगोलाईतल्या दुकानदारांनी, डाळमिलवाल्यांनी रोज दोन तासांचं काम द्यावं: वजन करणं, पुड्या भरणं, चिकटपट्टी लावणं. एका वेळी एकच गोष्ट सांगा, सांगणारा माणूस रोज तोच ठेवा. मजुरी इतरांइतकीच द्या. दयेपोटी दिलेलं काम आम्हाला नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही धरलेला आहे. पण प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज भरताना घरचेही घायकुतीला येतात. कॉम्प्युटर येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार या अर्जांसाठी द्यावा.