विनयला पत्र: दलदलीतल्या आमरींबद्दल

मुलुंड, मुंबई

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

बोर्निओतली दलदलीची जंगलं जाणारच असतील, तर तिथल्या आमरी, म्हणजे ऑर्किड, आधीच काढून हरितगृहात का वाढवत नाहीत, असं तू फोनवर विचारलंस. गाडीच्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तिथली जमीनच वेगळी आहे रे. पाणी बारमाही तुंबलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि आम्लधर्मी. त्यात प्राणवायू इतका कमी की पडलेली पानं, मुळं, खोडं पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षं थरावर थर साचून पीट तयार होतं, काही ठिकाणी १० मीटरहूनही खोल. मधला भाग फुगून उंच होतो. तिथे नदीचा गाळ पोचत नाही, झाडांना मिळतं ते पावसातून येईल तेवढंच. म्हणून तिथली झाडं बारीक, ठेंगणी राहतात. आमरीचं मात्र यात काही अडत नाही. बहुतेक आमरी फांद्यांवरच राहतात. त्यांना हवा ओलावा आणि पानांतून झिरपणारं ऊन. बल्बोफायलम, डेंड्रोबियम, सिलोजिनी अशा कितीतरी प्रजाती तिथे नांदतात.

आता तुझा प्रश्न. आमरीचं बी धुळीएवढं, त्यात शिदोरी नसतेच. रानात विशिष्ट बुरशी आत शिरली तरच ते रुजतं. १९२२ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर बी रुजवून दाखवलं. तेव्हापासून प्रयोगशाळेत रोपं होतात. दादरच्या फूलबाजारात जांभळी डेंड्रोबियम ढिगाने दिसतात, ती लागवडीचीच. हे काम मोलाचं आहे. पण बल्बोफायलमच्या कित्येक फुलांना परागणासाठी माश्या लागतात, आणि त्या माश्या, ती बुरशी, ते झाड आपण कुंडीत कुठून आणणार?

मला सर्वांत जास्त सलतो तो कालवा. इंडोनेशियात १९९५ साली मध्य कालिमंतानमधल्या, म्हणजे बोर्निओच्याच इंडोनेशियाकडे असलेल्या भागातल्या, सुमारे १० लाख हेक्टरवर भातशेती करायचं ठरलं. ४,००० किलोमीटरहून जास्त कालवे खणले. निकस पीटवर भात धड आला नाही, १९९९ मध्ये योजना गुंडाळली. कालवे तसेच राहिले आणि दलदलीचं पाणी ओढत राहिले. त्याआधीच, १९९७च्या एल निन्योच्या दुष्काळात, कोरडं पडलेलं पीट पेटलं होतं. ही आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसते. मुळं जळतात, झाडं आडवी होतात, त्यांच्यासोबत आमरीही. आग लागली नाही तरी पाणी उतरलेलं पीट कुजत आणि खचत जातं.

म्हणून माझं ठाम मत आहे, पहिला पैसा कालवे बुजवायला जावा. तिथल्याच, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या सेबांगाऊच्या जंगलात कालव्यांवर बांध घालून पाणी अडवलं जातंय. झाड पडलंच, तर त्यावरच्या आमरी जरूर उचलाव्यात. पण निरोगी जंगलातून उपसून नेणं म्हणजे संवर्धन नव्हे.

तुमच्या दोडामार्गात बांबर्ड्याला जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. ती पीटची नव्हे, पण तिचाही जीव पाण्यातच. आसपासच्या ओहोळांतून कुणी बागेसाठी चर काढतंय का, पाट वळवतंय का, ते गावातल्या जाणत्यांना विचारशील? पावसाळ्यानंतर पाणी कुठवर राहतं तेही लिहून ठेव. दिवाळीत मी येतोच आहे, आपण दोघं मिळून वनखात्याच्या माणसांना भेटू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुधीर