गोळी कुठे लागली, हे ती सुटतानाच कळले पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर प्रॅक्टिकल शूटिंग या नेमबाजीच्या प्रकाराविषयी लेख आला, याचे मनापासून समाधान वाटले. एका जागी स्थिर उभे राहून खेळल्या जाणाऱ्या पिस्तूल नेमबाजीविषयी बरेच लिहिले जाते. धावत, आडोशाबाहेर वाकून, वाटेत मॅगझिन बदलत खेळल्या जाणाऱ्या या प्रकाराची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. तथापि, हा खेळ मुख्यतः वेगाचा आहे आणि त्याचा सराव म्हणजे शक्य तितक्या गोळ्या झाडणे, असा जो सूर त्या लेखात होता तो मला पटला नाही. अनेक वर्षे मी या खेळात आधी स्पर्धक आणि नंतर रेंज ऑफिसर, म्हणजे मैदानावर नियम व सुरक्षा पाहणारा पंच, म्हणून वावरत आलो आहे. याच समजुतीपायी चांगल्या होतकरू नेमबाजांची प्रगती खुंटलेली मी जवळून पाहिली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. अचूकता, शक्ती आणि वेग ही त्याच्या लॅटिन ब्रीदवाक्यातील तीन तत्त्वे आहेत आणि वेगाचा उल्लेख त्यात शेवटी येतो. गुणपद्धतीही तशीच आहे. प्रत्येक स्टेजमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या एकेका फेरीत, मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे. येणारा आकडा म्हणजे हिट फॅक्टर. कमी शक्तीच्या, म्हणजे मायनर गटातल्या काडतुसांसाठी लक्ष्याच्या मधल्या ए भागात ५, त्याबाहेरच्या सी भागात ३ आणि कडेच्या डी भागात १ गुण मिळतो. सहा कागदी लक्ष्ये आणि प्रत्येकावर दोन गोळ्या, अशी ६० गुणांची स्टेज घेऊ. एकाने बाराही गोळ्या ए भागात मारल्या आणि ८ सेकंद घेतले, तर हिट फॅक्टर ७.५ येतो. दुसऱ्याने ७ सेकंदांत स्टेज संपवली, पण सहा गोळ्या सी भागात गेल्या, तर ४८ गुणांवर तो ६.८६ वर थांबतो; एक सेकंद वाचवूनही तो मागे पडतो. तिसऱ्याच्या फक्त दोनच गोळ्या सी भागात गेल्या आणि त्यालाही ७ सेकंद लागले, तर ५६ गुणांसह ८ हा आकडा गाठून तो दोघांनाही मागे टाकतो. नुसती घाई जशी महाग पडते, तशीच प्रत्येक गोळी ए भागातच बसावी म्हणून केलेली रेंगाळही महाग पडते.

खरा फटका बसतो तो लक्ष्य चुकल्यावर. हातचे ५ गुण जातात आणि वर १० गुण दंड होतो. वरच्या स्टेजमध्ये ७.५ च्या हिट फॅक्टरने हे १५ गुण म्हणजे पूर्ण २ सेकंद. लक्ष्यावरील सर्वोत्तम दोन गोळ्याच धरल्या जात असल्याने तिसरी गोळी मारून चूक भरून काढता येते, आणि तिला अर्धा सेकंदही लागत नाही. अट एवढीच, की गोळी चुकली हे नेमबाजाला त्याच क्षणी कळले पाहिजे. इथेच सगळे प्रशिक्षण येऊन ठेपते. गोळी सुटताना पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, नेमकी कुठे होती हे डोळ्यांनी टिपणे आणि त्यावरून गोळी कुठे लागली ते ओळखणे, याला आम्ही शॉट कॉल करणे म्हणतो. ज्याला हे येत नाही तो मागे वळून कागदावरची भोके शोधतो, किंवा न पाहताच पुढे निघून जातो. अशा नेमबाजाने हजार गोळ्या झाडल्या तरी त्याला त्यातून काही शिकता येत नाही, कारण कोणती गोळी का बिघडली याचा त्याला पत्ताच नसतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका मोसमात माझ्या गोळ्या सारख्या खाली जात होत्या. मी साईटला दोष देत राहिलो आणि सराव दुप्पट केला. शेवटी माझ्या प्रशिक्षकांनी मला न सांगता मॅगझिनमध्ये दोन-तीन डमी, म्हणजे न उडणारी, काडतुसे मिसळली. तिसऱ्या वेळी ट्रिगर ओढला तेव्हा नुसताच ‘टक्’ असा आवाज आला, गोळी सुटली नाही, आणि तरीही नळीचे तोंड बोटभर खाली दबलेले मला स्पष्ट दिसले. गोळी सुटतानाचा धक्का येण्याआधीच माझा हात धक्क्याला उत्तर देत होता. त्या महिन्यात झाडलेल्या प्रत्येक गोळीने ही खोड अधिक पक्की केली होती. ती सुटली ती रोजच्या पंधरा मिनिटांच्या कोऱ्या, म्हणजे गोळ्यांशिवायच्या, सरावाने: काडतुसे दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा तपासलेले, नळीची दिशा सुरक्षित, आणि ट्रिगर ओढताना साईट जराही हलत नाही ना, एवढेच पाहायचे. होल्स्टरमधून पिस्तूल काढणे, मॅगझिन बदलणे, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नजर नेणे, हे सारे एकही गोळी न झाडता शिकता येते. धक्का सांभाळणे तेवढे रेंजवरच शिकावे लागते.

वेळ वाचतो कुठे, याचाही हिशेब मांडला पाहिजे. ३२ गोळ्यांच्या लांब स्टेजमध्ये सोळा लक्ष्यांवरच्या जोडगोळ्यांमधले अंतर प्रत्येकी ०.०५ सेकंदाने कमी केले, तर एकूण ०.८ सेकंद वाचतात, आणि तेवढ्यासाठी कित्येक जण बोटाच्या वेगामागे महिने घालवतात. तोच नेमबाज चार जागा बदलताना प्रत्येक ठिकाणी पाऊल टेकल्यावर मग पिस्तूल उचलतो आणि दर वेळी अर्धा सेकंद, म्हणजे एकूण दोन सेकंद गमावतो. पाऊल स्थिरावण्याआधीच पिस्तूल डोळ्यांसमोर असणे, ही तालीम गोळ्यांशिवाय होते आणि तीच सर्वांत कमी केली जाते.

सुरक्षेचेही तसेच आहे. बाजूला धावत मॅगझिन बदलताना शरीराबरोबर नळीही वळते. ती समोरच्या दिशेपासूनची ९० अंशांची मर्यादा ओलांडून मागे गेली, किंवा हालचाल करताना बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, आत राहिले, तर तो नेमबाज संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. रेंज ऑफिसर म्हणून ‘स्टॉप’ असे ओरडावे लागते तेव्हा समोरच्याचा चेहरा पाहवत नाही. त्यामुळे हा भाग सूचनेसारखा वाचून दाखवून भागत नाही. तो रोजच्या तालमीत घोटून घेतला पाहिजे.

प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की सुरुवातीचे काही महिने शिष्याला टायमरचा आकडा सांगू नये. प्रत्येक स्टेजनंतर लक्ष्यांकडे जाण्याआधी त्याने प्रत्येक लक्ष्यावरचे आपले गुण तोंडी सांगावेत, ते वहीत लिहून घ्यावेत आणि मग प्रत्यक्ष भोकांशी ताडून पाहावेत. आपल्या दैनिकालाही एक विनंती: यापुढे अशा स्पर्धेच्या बातमीत विजेत्याची वेळ छापाल, तेव्हा शेजारी त्याचे गुणही छापावेत.

आपला विश्वासू,
एक वाचक व रेंज ऑफिसर