सुनीला पत्र

दादर, रविवार रात्र

प्रिय सुनी,

इतके महिने गप्प होते, रागावू नकोस. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आईच्या मोठ्या आतड्यात गाठ निघालीय, गुरुवारी ऑपरेशन. वय ८१, वजन ४४ किलो. सर्जनवर माझा पूर्ण विश्वास आहे. भीती वाटते ती भुलीची. घरात सांगायची सोय नाही, नंदू म्हणतो, "ताई, तू रोज भूल द्यायचंच काम करतेस की!"

रोज करते म्हणूनच तर. प्रोपोफोल, म्हणजे भुलीचं औषध, शिरेत गेलं की रक्तातली पातळी लगेच चढते, मेंदूतली मागाहून. म्हातारपणी रक्ताचा फेरा मंदावतो, अंतर आणखी वाढतं. डोळे मिटेनात म्हणून घाईचा हात अजून थोडं ढकलतो, आणि मग सगळं एकदम पोचतं. बीपी कोसळतं, ईईजीवर, मेंदूच्या लहरींच्या आलेखावर, सपाट रेघ, मध्येच एखादी उसळी. तरुणाला किलोमागे २ मिलिग्रॅम लागतं, आईला १ सुद्धा पुरेल, पण थेंबाथेंबाने, थांबत. थांबणं भूल देणाऱ्या आपल्या पक्याला तरी कधी जमलं का? सुई शिरायच्या आधी चिकटपट्टी तयार!

औषध सोडणाऱ्या पंपाचंही तेच. त्याचा डोस ठरवणारं मार्शचं मॉडेल वजन बघतं, वय नाही; श्नायडरचं वयही धरतं. होस्टेलच्या गच्चीवर यावरून भांडलो तेव्हा तू माझ्या डब्यातलं थालीपीठसुद्धा नाकारलं होतंस. वय धरणारं श्नायडरच बरं, माझं मत अजून तेच आहे.

आता तू २०१९चा एंगेजेस अभ्यास काढशील. ईईजी बघून भूल दिली तरी नंतरचा भ्रम कमी झाला नाही, ईईजी बघून २६ टक्के, एरवी २३. मान्य. पण दोन्हीकडे चारातला जवळपास एक जण भ्रमात गेलाच ना? आईला अजून तीस पाढे आणि सगळ्या नातवंडांच्या जन्मतिथी पाठ आहेत, गं. भूल किती खोल ते सांगणारा मॉनिटरचा आकडा ४० ते ६० दिसला की निर्धास्त होणाऱ्याच्या हाती तिला द्यायला मन घेत नाही. त्या वयात ईईजीतल्या अल्फा लहरी आधीच बारीक, आकडा फसवतो. मूळ लहरी वाचाव्या लागतात, आणि त्या तू वाचतेस.

भूल मी स्वतः देणार नाही. टेबलावरून तिने "जेवलीस का?" विचारलं तर माझा हात चालणार नाही.

ईशानचं बारावीचं कळलं, शाब्बास सांग. फ्लॅटचा ताबा मिळाला का?

आईला भूल द्यायला बुधवारी सकाळच्या डेक्कन क्वीनने येशील? सर्जनशी बोललेय, त्यांची हरकत नाही. रिपोर्ट, टूडी एको सगळं उद्या पाठवते. बीपीच्या गोळ्यांपैकी कोणती बंद करायची तेवढं बघून लगेच फोन कर.

तुझी,
मीना