आधी यादी, मग स्कॅनिंग

मिनिआपोलिस

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन झाल्यापासून डोक्यात वाचनालयाचाच विषय आहे. स्कॅनिंगचा खर्च झेपत नाही म्हणून कार्यकारिणीने सगळंच काम पुढच्या वर्षावर ढकललं, हे मला अजिबात पटलेलं नाही. पुस्तकं स्कॅन होतील तेव्हा होतील. तुमच्या कपाटांत काय आहे त्याची यादी तरी बाहेर येऊ दे! फोनवर नीट मांडता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ग्रंथालयं इंटरनेटवर पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्याकडे द्यायला पुस्तकं नव्हतीच, याद्या होत्या. मजकूर देणारेही होते म्हणा. मायकेल हार्टने 1971 सालीच इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप करून प्रोजेक्ट गुटेनबर्गची, म्हणजे पुस्तकं संगणकावर उतरवून फुकट देण्याच्या प्रकल्पाची, सुरुवात केली होती; पण त्यांचं शंभरावं पुस्तक यायला 1994 उजाडलं. दरम्यान शेकडो ग्रंथालयांनी आपले कॅटलॉग टेलनेटवर, म्हणजे दूरच्या संगणकात आपल्या जागेवरून शिरायच्या सोयीवर, खुले करून टाकले होते. मी इथे शिकायला आलो तो हाच काळ. विद्यापीठाच्या संगणककक्षात टर्मिनलवर बसायचं, दूरच्या ग्रंथालयाचा पत्ता टाइप करायचा, लॉगिनच्या जागी ‘लायब्ररी’ किंवा ‘गेस्ट’ असा काहीतरी शब्द घालायचा, की काळ्या पडद्यावर मेनू उमटायचा. चित्र नाही, माऊस नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ‘मेल्विल’ कॅटलॉग मी असाच पहिल्यांदा पाहिला. दोन हजार मैलांवरच्या कपाटात कुठलं पुस्तक आहे, हे कुणालाही न विचारता, पैसे न देता कळत होतं. त्याचं मला तेव्हा जे अप्रूप वाटलं ते आजही ओसरलेलं नाही.

हे पत्ते कळायचे कसे? कॅनडात सस्कॅचेवान विद्यापीठाच्या ग्रंथालयात पीटर स्कॉट नावाचे गृहस्थ होते. त्यांनी 1990 साली ‘हायटेलनेट’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम केला आणि फुकट वाटला. त्यात जगभरच्या ग्रंथालयांचे पत्ते होते. प्रत्येकापुढे लॉगिन काय द्यायचं, आत कुठली प्रणाली आहे आणि बाहेर कसं पडायचं, तेही. ही शेवटची सूचना फार मोलाची, कारण कुठे ‘क्विट’, कुठे ‘एंड’, कुठे आणखीच काही. ज्याने हे लिहून ठेवलं त्याला वाचकाची अडचण माहीत होती.

आमच्या मिनेसोटात 1991 साली गोफर निघाला, इंटरनेटवरची माहिती मेनूंतून शोधायची प्रणाली. मार्क मॅकॅहिल यांच्या त्या चमूत फरहाद अंकलेसरिया होते. पारशी आडनाव पाहून मला उगाच मुंबई जवळ आल्यासारखं वाटलं होतं. गोफरमुळे पत्ते पाठ करायची गरज उरली नाही. मेनूतून मेनूत उतरत जायचं, वाटेत ग्रंथालयंच ग्रंथालयं.

मग 30 एप्रिल 1993 रोजी लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, आपला ‘लोसिस’ हा कॅटलॉग इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला. (त्याच दिवशी युरोपात सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचं तंत्र जगाला मोफत देऊन टाकलं. असा दिवस विरळाच.) लोसिसला ग्रंथालयासारख्याच वेळा होत्या, रात्री तो बंद असे. शोधाच्या आज्ञाही शिकाव्या लागत.

आणि तिथे मराठी पुस्तकं होती, विनायक! अमेरिकेने भारताला पीएल 480 कायद्याखाली गहू विकला, हे आपल्याला रेशनच्या लाल गव्हामुळे माहीत. त्याचे पैसे रुपयांत मिळत. त्यातल्या काही रुपयांतून 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांना पाठवू लागलं. कथा, कविता, गावगाड्याचे इतिहास, सगळं. पडद्यावर देवनागरी मात्र उमटत नसे. रोमन लिपीत, आडनावाच्या शेवटचा ‘अ’सुद्धा लिहून, माडगूळकर ‘माडगूळकरा’ होऊन यायचे. त्या स्पेलिंगची सवय झाली की पानंच्या पानं नावं सरकत जात.

तुला आठवतं, एम.फिल.च्या वेळी तू एका लावणीसंग्रहाच्या जुन्या आवृत्तीसाठी एअरमेलवर पत्र पाठवलं होतंस? पुण्यात कुणी ‘आहे’ म्हणेना, ‘नाही’ही म्हणेना. इथे टर्मिनलवर त्याची नोंद सापडली, आंतरग्रंथालयीन देवघेवीतून पुस्तक आलं आणि मी झेरॉक्स तुला धाडली. पुस्तक स्कॅन झालेलं नव्हतं. फक्त ते कुठे आहे हे कुणीतरी लिहून उघड्यावर ठेवलं होतं, तेवढ्यावर तुझं प्रकरण पुरं झालं.

आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी हेच काम संगणकाशिवाय केलं. 1800 ते 1950 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची, दोन खंडांत. आजही अभ्यासकाचा हात आधी तिथे जातो. मग तुमच्या शतायु वाचनालयाला एक यादी का जमू नये?

खर्च फारसा नाही. जुनी दाखल रजिस्टरं घ्या आणि युनिकोडमध्ये साध्या एक्सेलमध्ये उतरवा: दाखल क्रमांक, लेखक, पुस्तक, प्रकाशक, गाव, वर्ष, देणगीदार. हरवलेलं पुस्तक गाळू नका, पुढे ‘गहाळ’ लिहा. ते कधीकाळी तुमच्याकडे होतं हेही कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दोलामुद्रितं, म्हणजे मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं, आधी घ्या. नावांचं मात्र ग्रंथपालबाईंनी जातीने पाहावं. जुन्या कार्डांवर ‘पाहा’ लिहिलेलं असे, ती सोय सोडू नका. ‘केशवसुत’ शोधणाऱ्याला ‘दामले, कृष्णाजी केशव’ सापडलेच पाहिजेत. आणि फाइल कुलूप न लावता ठेवा. लॉगिन नको, सभासदत्वाची अटही नको.

पुढच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. तोवर पहिल्या रजिस्टरच्या दहाएक पानांचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. मोडी नोंदी असतील तर त्याही, इथे एक वाचणारे ओळखीचे आहेत. मी रोज संध्याकाळी थोडं थोडं टाइप करीन आणि रकाने कसे बसतात ते तुला कळवीन.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत