गुरुवारी जायचंच आहे

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा, तुम्ही 'आईशी बोल' म्हणून सुटका करून घेता, म्हणून लिहितेय. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता समुपदेशकांची वेळ घेतली आहे. दोघांसाठी. पैसे भरून झालेत, तेव्हा 'बघू' चालणार नाही.

आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतात. मी स्वतः चार महिने जातेय, हेही आजच सांगतेय. घरातलं बाहेर बोलले, वाईट वाटतं. पण दार आपटलं की अजून पोटात गोळा येतो, आणि मी तर बाबांसारखी कधी कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याजवळ फिरकलेही नव्हते.

'मला कुठे काय लागलंय?' असं म्हणू नका, बाबा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आघातोत्तर ताणाचे निकष सुधारले. तुमच्यासारख्या बचावपथकातल्यांना ढिगाऱ्यातून जे गोळा करावं लागतं, त्याचा त्यात सरळ उल्लेख आहे. शिवाय हा त्रास सहा महिन्यांनी, कधी त्याहून उशिराही उघड होतो. निवृत्तीनंतर तुमची झोप गेली ती वयामुळेच, असं मला वाटत नाही.

ती इमारत कोसळली त्या वर्षी तुम्ही माझी वेणी घालणं सोडलंत. मला वाटलं, मी फार डोकं हलवते म्हणून. मग कित्येक सकाळी कंगवा हातात धरून, मान ताठ करून तुमच्यासमोर बसायचे. ढिगाऱ्यातली ती मुलगी माझ्याएवढी होती, हे आईने सांगितलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. आता काही मनात ठेवू नका हं. आई छान घालायची वेणी, फक्त ओढायची फार.

आई, तू म्हणशील, मला कशाला? बाबांना मदतीची वर्दी आली की गॅस बंद करून दाराशी बसायचीस. ते परतले की आधी डोक्यापासून पायापर्यंत निरखायचीस, मगच पाणी. 'बाबा झोपलेत, चमचासुद्धा वाजवू नका.' अजूनही तू चमचा न वाजवता चहा ढवळतेस.

तिथे लिफ्ट आहे. खुर्च्यांना पाठ आहे. बाबा, दार दिसेल अशी खुर्ची सांगून ठेवली आहे. त्या इमारतीबद्दल पहिल्याच दिवशी बोलायची सक्ती नाही. टॅक्सी मी इथून ठरवेन. एसी असतो, स्वेटर न्या. गोळ्या नाश्त्यानंतर, आधी नाही. आणि रात्री गॅसचं बटण एकदाच बघायचं. बरं, दोनदा.

घरी पोचलात की फोन करा. आईने नाही, बाबा, तुम्ही.

तुमची,
मनी