ड्रायव्हरच्या बाजूचं दार

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईच्या डोळ्याचे थेंब वेळेवर चालू आहेत ना? दादा सांगतो की चालू आहेत, पण तो सगळ्याच गोष्टी चालू आहेत असं सांगतो. हे पत्र त्याने तुम्हाला वाचून दाखवायचं आहे, गाळागाळी न करता. फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही अर्ध्यातच "बरं बरं" म्हणून विषय बदलला असतात.

दार उघडलं.

दादाकडे जाताना तुम्ही मला म्हणालात, "आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून ठेव, फक्त डावीकडून बस, उजवं दार जरा हट्टी आहे." जरा हट्टी! बाहेरून नाही, आतून नाही, कशानेच ते हलत नव्हतं. शेजारच्या काकूंनी मग बाकीचं सांगितलं: आधी बाबा डावीकडून आत शिरणार, गिअरवरून पाय टाकत पलीकडे सरकणार, आणि तोवर आई छत्री धरून पावसात उभी. उतरताना हेच उलटं. गुडघ्याचा पट्टा बांधलेला माणूस हे कसरतीचे खेळ पावसाळाभर करतो आणि पोरांना पत्ता नाही. आईचं गुरुवारचं भजन का बंद झालं, तेही आत्ता कळलं. शिवाय रस्त्यात कुठे काही झालं असतं तर तुम्हाला तुमच्या बाजूने बाहेर पडताच आलं नसतं. याबद्दल आल्यावर बोलू, सोडणार नाही.

गॅरेजवाल्याने तुम्हाला पत्रा कापावा लागेल म्हणून सांगितलं होतं, हे काकूंकडूनच कळलं. कापायची गरज नव्हती. बाहेरचं हँडल लुळं पडलं असेल, काही वजनच लागत नसेल, तर आतली सळी क्लिपमधून सुटलेली असते. आपलं हँडल नेहमीसारखं जड लागत होतं, ओढ खटक्यापर्यंत पोचत होती आणि तिथेच थांबत होती. म्हणजे दुखणं खटक्यातच. त्याच्या आत एक फिरता दात असतो, तो चौकटीवरच्या लोखंडी कडीला मिठी मारतो, आणि एक लहानशी खिट्टी त्या दाताला मागे फिरू देत नाही. हँडल ओढलं की ही खिट्टी बाजूला व्हायची. ती जागची हलत नव्हती.

पंचाईत अशी की खटक्याचे स्क्रू दाराच्या कडेला असतात, आणि दार उघडल्याशिवाय ते दिसतही नाहीत. म्हणून आतून गेले. सीटची पाठ आडवी केली, काच फिरवायच्या हँडलमागे फडक्याची पट्टी घालून मागे-पुढे ओढली तशी त्याची स्प्रिंगची क्लिप टुणकन उडाली, मग आर्मरेस्टचे स्क्रू काढून पॅड सोडवलं. आतला प्लास्टिकचा कागद कडेने सोलला, फाडला नाही. त्यातून हात घालून बारीक नळीने गंज सोडवणारा स्प्रे खटक्यावर भरपूर मारला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काकूंच्या मुलाला बाहेर उभं केलं. तो कंबरेने दार आत रेटतोय आणि मी आतून सळी ओढतेय, असं चाललं होतं. आत रेटणं महत्त्वाचं: चौकटीचं रबर दाराला सतत बाहेर ढकलत असतं आणि तो सगळा भार खिट्टीवर येतो, भार उतरला की ती सुटायला बघते. एकदाची टक् करून सुटली. पोरगा दारासकट अंगणात पडायचा राहिला.

आणि बाबा, दाराच्या तळाशी काय होतं सांगू? वाशिष्ठी नदीच्या पुराचा गाळ. २२ जुलै २०२१ चा. पाणी सीटच्या वर चढलं होतं, आठवतंय ना? तेव्हा आपण इंजिन उतरवलं, सीटा बदलल्या, गालिचे फेकले, कार्ब्युरेटरची साधी गाडी म्हणून ती तरलीसुद्धा. पण दारं कोणी उघडली नाहीत. खाली पाणी निघून जायची भोकं असतात, ती गाळाने गच्च. म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात काचेवरून उतरलेलं पाणी दारातच साचलं आणि वाफ होऊन वर खटक्यापर्यंत गेलं. ग्रीसमध्ये गाळ, त्यावर गंज. इतकी वर्षं चाललं तेच नवल. तारेने भोकं मोकळी केली, बाकीच्या तिन्ही दारांचीही. तिथेही तोच चॉकलेटी चुरा निघाला.

खटका काढून डिझेलमध्ये भिजवला, ब्रशने घासला, वाळवला आणि पांढरं लिथियम ग्रीस लावलं. बाहेरच्या हँडलच्या सळीची क्लिप जुनी होऊन ठिसूळ झाली होती, ती नवी टाकली. चिपळुणातच मिळाली, चहाच्या पैशात. बसवल्यावर दार लगेच लावलं नाही. दार उघडंच ठेवून स्क्रूड्रायव्हरने दात दाबायचा, दोनदा टक् ऐकायचं, मग हँडल ओढून तो सुटतोय का बघायचं, आतूनही आणि बाहेरूनही. न बघता दार लावलं आणि पुन्हा अडकलं, तर सगळं पहिल्यापासून. ही चाचणी तुम्हीही शिकून घ्या, आल्यावर दाखवते.

आता एक विनंती. बिजागरीत आणि खटक्यात खोबरेल घालायचं नाही. आईच्या डोक्याला हवं तितकं लावा. थंडीत ते थिजतं, एरवी चिकट होऊन धूळ धरतं. मी खटक्यावरचं खोबरेल खरवडून काढलं तेव्हा घरभर चकलीचा वास सुटला होता. दर पावसाळ्याच्या आधी पुसून थोडं ग्रीस, बास. आणि दार आपटू नका. आता बोटाने ढकललं तरी लागतं. एकच टक् ऐकू आलं तर दार अर्धवट लागलंय, पुन्हा उघडून लावा.

गाडी काढून टाकायचं तुमच्या मनात आहे, हे मला दादाने सांगितलं. १९९८ ची गाडी आहे, नोंदणी २०१३, २०१८ आणि २०२३ असं करत २०२८ पर्यंत आली आहे, तेव्हा पुन्हा आरटीओच्या खेपा आहेतच. गुडघ्यासाठी उंच गाडी बरी पडेल, हेही खरं. विकायची तर त्या कारणांनी विका, मी अडवणार नाही. पण दार उघडत नाही आणि पोरांना कशाला त्रास, म्हणून विकायची नाही.

आईला म्हणावं, भजनवाल्या मावशींना मी सांगून आले आहे की डॉक्टरांनी परवानगी दिली की तू येतेस. त्यांनी तुझी झांज जपून ठेवली आहे. बाबा, चावी उजव्या दाराच्या कुलपातही आता सहज फिरते, डुप्लिकेट चावी करायला देऊ नका.

दादाला नमस्कार नाही, त्याला माहीत होतं.

तुमची लेक